संगणकातील तुकडेजोड : शाळेच्या हार्ड डिस्कची निगा

नेवासे तालुक्यात भेंडे आणि सोनई येथील साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला, की ऊसतोड कामगारांची कुटुंबे परजिल्ह्यांतून येऊन उतरतात, आणि त्यांची मुले जवळच्या प्राथमिक शाळांत दाखल होतात. हंगाम संपला, की हीच कुटुंबे एखाद्या सकाळी भांडीकुंडी, गुरे आणि पोरेबाळे घेऊन परतीच्या वाटेला लागतात. मुलाने येथे किती दिवस हजेरी लावली, त्यास कोठवर वाचता येऊ लागले, ह्याची नोंद असलेले शिक्षण हमी पत्रक त्याच्या हाती वेळेवर पडले, तरच गावाकडील शाळेत त्याचे पुढचे पाऊल नीट पडते. ट्रॅक्टर शाळेच्या फाटकाशी उभा आहे, बाप घाई करीत आहे आणि कार्यालयातील संगणक हजेरीची फाइल उघडावयास चार-पाच मिनिटे घेत आहे, असा प्रसंग कोणत्याही शाळेत उद्भवू शकतो. ट्रॅक्टर थांबत नाही. पत्रक राहून जाते. अशा वेळी संगणकाचा मंदपणा ही केवळ गैरसोय राहत नाही. ती एका मुलाच्या शिक्षणातील खंड ठरते.

संगणक मंद झाला, की ‘तो जुना झाला, आता निर्लेखनास पाठवावा’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष पुष्कळदा घाईचा असतो. मंदपणाची कारणे अनेक आहेत. त्यांपैकी एक कारण असे आहे, की जे शिक्षकास स्वतः ओळखता येते आणि एक पैसाही खर्च न करता दूर करता येते. त्या कारणास तुकडे पडणे म्हणतात व त्याच्या उपायास डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजेच तुकडेजोड, असे म्हणतात. हे तुकडे कसे पडतात, ते केव्हा जोडावेत आणि केव्हा मुळीच जोडू नयेत, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. हार्ड डिस्कची रचना

संगणकातील मजकूर ज्या पेटीत कायमचा साठविला जातो, ती हार्ड डिस्क होय. तिचे झाकण काढून पाहावयाचे नसते, कारण धुळीचा एक कणही आतील यंत्रणेस घातक ठरतो. परंतु आतील रचना समजून घेणे कठीण नाही. एका आसाभोवती एक किंवा अधिक गुळगुळीत तबकड्या बसविलेल्या असतात. त्यांवर चुंबकीय द्रव्याचा पातळ थर असतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तशी ह्या तबकडीवर एका दांड्याच्या टोकाशी असलेली वाचनशिर फिरते. फरक इतकाच, की ती पृष्ठभागास टेकत नाही. केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर राखून ती वरून तरंगत जाते आणि चुंबकीय खुणा वाचते किंवा उमटविते.

अशा प्रकारची पहिली डिस्क अमेरिकेतील आयबीएम ह्या संस्थेने १९५६ साली बाजारात आणली. तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, आणि एवढा पसारा मांडूनही तिच्यात सुमारे ५० लाख अक्षरेच मावत. आज मोबाइलने काढलेल्या दोन-तीन छायाचित्रांनासुद्धा ती जागा अपुरी पडेल. डिस्क लहान झाली, तिची क्षमता लाखो पटींनी वाढली. परंतु तबकडी फिरते आणि शिर जागेवर जाऊन वाचते, हे मूळ तत्त्व तसेच राहिले.

तबकडीवर एकात एक अशी असंख्य वर्तुळे असतात आणि प्रत्येक वर्तुळाचे लहान लहान भाग पाडलेले असतात. संगणक अशा काही भागांचा मिळून एक कप्पा धरतो. विंडोज प्रणालीत हा कप्पा सामान्यतः ४ किलोबाइटचा, म्हणजे ४,०९६ बाइटचा असतो. कोणतीही फाइल ही अशा अनेक कप्प्यांत मिळून ठेवलेली असते. कोणत्या फाइलीचे कप्पे कोठे आहेत, ह्याची एक नोंदवही डिस्कवरच असते. फाइल उघडताना संगणक प्रथम ही नोंदवही पाहतो आणि मग शिर त्या त्या कप्प्याकडे पाठवितो.

२. तुकडे कसे पडतात

एक लहानसे उदाहरण घेऊ. एका डिस्कवर केवळ सोळाच कप्पे आहेत अशी कल्पना करावी. हजेरीची फाइल १ ते ४ ह्या कप्प्यांत आहे. स्नेहसंमेलनाची छायाचित्रे ५ ते ८ मध्ये आहेत. पोषण आहाराचा हिशेब ९ ते १२ मध्ये आहे. १३ व १४ रिकामे आहेत, आणि १५ व १६ मध्ये दुसरी एक फाइल आहे. छायाचित्रांचा उपयोग संपला म्हणून ती काढून टाकण्यात आली. आता ५ ते ८ आणि १३ ते १४ असे एकूण सहा कप्पे मोकळे झाले. इतक्यात वार्षिक निकालाची सहा कप्प्यांची फाइल आली. सलग सहा कप्पे कोठेच नाहीत. मात्र सुटे सहा कप्पे आहेत. संगणक ‘जागा नाही’ असे म्हणत नाही. तो निकालाचे चार भाग ५ ते ८ मध्ये आणि उरलेले दोन १३ व १४ मध्ये ठेवतो व नोंदवहीत तशी नोंद करतो. निकालाच्या फाइलीचे दोन तुकडे झाले.

पुढे एखाद्या फाइलीचा मजकूर वाढला आणि तिच्या शेजारचा कप्पा दुसऱ्या फाइलीने व्यापलेला असला, तर वाढलेला भाग दूर कोठेतरी जाऊन पडतो. हजेरीची फाइल तर रोजच वाढणारी असते. फाइली येतात, वाढतात, पुसल्या जातात. असे वर्षानुवर्षे चालले, म्हणजे एकेका फाइलीचे शेकडो तुकडे तबकडीभर विखुरले जातात.

ह्या उदाहरणातून एक गोष्ट स्पष्ट होते. डिस्क जितकी अधिक भरलेली, तितके तुकडे अधिक पडतात. कारण भरलेल्या डिस्कवर सलग मोकळी जागा दुर्मिळ असते. तुकडे पडू नयेत असे वाटत असेल, तर पहिला उपाय डिस्क गच्च भरू न देणे हाच होय.

३. शेताच्या तुकड्यांचा दाखला

ग्रामीण भागातील शिक्षकास तुकड्यांचे दुःख निराळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. चार एकर जमिनीचा धनी. परंतु एक एकर नदीकाठी, एक गावाच्या पलीकडे, अर्धा एकर चुलत्याच्या बांधाला लागून आणि उरलेली दोन ठिकाणी. क्षेत्र तेवढेच, मातीही तीच; परंतु अवजारे, बैल आणि पाणी ह्यांची ने-आण करण्यातच दिवस सरतो. पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन शेतीची अशी अवस्था झाली, म्हणून मुंबई राज्यात १९४७ साली जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व त्यांचे एकत्रीकरण करणारा कायदा झाला. लोकांनी त्यास तुकडेबंदी व तुकडेजोड कायदा असे सुटसुटीत नाव दिले. एकत्रीकरण झालेल्या गावांत जुन्या सर्व्हे नंबरांच्या जागी गट नंबर आले, ते ह्याच योजनेतून.

हार्ड डिस्कचीही अवस्था अशीच आहे. फाइल हा खातेदार. कप्पे ही त्याची जमीन. वाचनशिर हा शेतावर जाणारा गडी, आणि डिस्कवरील नोंदवही म्हणजे सातबारा. तुकडे पडल्याने फाइलीतील मजकूर कमी होत नाही किंवा बिघडत नाही. केवळ गड्याची पायपीट वाढते. तुकडेजोड म्हणजे एकेका खातेदाराची विखुरलेली जमीन अदलाबदलीने एका गटात आणणे, आणि लगेच सातबाऱ्यावर तशी नोंद करणे.

ह्या दाखल्यातील शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. प्रत्यक्ष ताबा एकाचा आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचे असे झाले, तर केवढे तंटे माजतात हे खेड्यात सर्वांस ठाऊक आहे. असे परस्परांच्या ताब्यातील जमिनींचे वाद मिटावेत म्हणून राज्य शासनास २०२३ साली ‘सलोखा’ ही योजना आणावी लागली. तीत अशा अदलाबदल दस्तांसाठी नाममात्र १,००० रुपये मुद्रांक शुल्क आणि १,००० रुपये नोंदणी फी ठेवण्यात आली. संगणकातील तुकडेजोड करणारी आज्ञावली ह्या बाबतीत दक्ष असते. ती प्रथम तुकड्याची प्रत नव्या जागी उतरविते, नंतर नोंद बदलते आणि मगच जुनी जागा मोकळी झाली असे मानते. तथापि ज्या तबकडीवर ती लिहीत आहे ती तबकडीच खराब असेल, तर दक्षता अपुरी पडते. त्याचा विचार पुढे येईल.

४. वेळेचा हिशेब

तुकड्यांमुळे किती वेळ वाया जातो, हे गणिताने पाहता येते. सातवीच्या वर्गासही हे गणित घालावयास हरकत नाही.

पुष्कळ डिस्कांची तबकडी मिनिटास ७,२०० फेरे करते, म्हणजे सेकंदास १२० फेरे. तेव्हा एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. हवा असलेला कप्पा शिराखाली येण्यासाठी सरासरीने अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. शिर योग्य वर्तुळावर जाण्यास आणखी सुमारे ९ मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचा खर्च १३ मिलिसेकंद झाला.

आता ४० मेगाबाइटची एक फाइल घ्यावी. डिस्क सेकंदास १०० मेगाबाइट वाचते असे धरले, तर प्रत्यक्ष वाचनास ०.४ सेकंद लागेल. फाइल सलग असेल, तर एकदाच जागेवर जावे लागेल. एकूण वेळ सुमारे ०.४१ सेकंद. तीच फाइल ४०० तुकड्यांत विखुरलेली असेल, तर ४०० गुणिले १३, म्हणजे ५,२०० मिलिसेकंद, अर्थात ५.२ सेकंद केवळ धावपळीत जातील. वाचनाचा वेळ मिळवून एकूण ५.६ सेकंद झाले. मजकूर तोच, यंत्र तेच. वेळ मात्र तेरा-चौदा पट. आकडे ढोबळ आहेत. पण प्रमाण लक्षात येण्यास ते पुरेसे आहेत. संगणक सुरू होताना अशा शेकडो फाइली वाचाव्या लागतात, हे ध्यानात घेतले म्हणजे चार-पाच मिनिटांचा विलंब कोठून येतो ते उमगते.

ह्याच गणितातून दुसराही बोध होतो. फाइलीचे दोन-चारच तुकडे असतील, तर होणारा विलंब एका सेकंदाच्या विसाव्या भागाएवढाही नसतो. म्हणून रोज उठून तुकडेजोड करीत बसण्यात काही अर्थ नाही. नव्या विंडोज प्रणाली ६४ मेगाबाइट किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांकडे लक्षच देत नाहीत, त्याचे कारण हेच. एवढ्या मोठ्या तुकड्याच्या वाचनापुढे जाण्याचा वेळ नगण्य असतो.

५. आधी निदान, मग उपाय

ताप आला, की तो कशामुळे आला हे पाहिल्यावाचून वैद्य औषध देत नाही. संगणकाच्या बाबतीतही प्रथम निदान करावे. पुढील चार गोष्टी क्रमाने पाहाव्यात.

पहिली : मंदपणा संगणकाचा आहे की इंटरनेटचा? यू-डायस प्लससारख्या संकेतस्थळावरील माहिती शाळेतील डिस्कवर नसते. ती दूरच्या संगणकावर असते. ते पान उघडण्यास वेळ लागत असेल, तर त्याचा दोष शाळेच्या डिस्ककडे नाही, आणि तुकडेजोड केल्याने त्यात काडीचाही फरक पडणार नाही. इंटरनेट बंद करून डिस्कवरील एखादी मोठी फाइल उघडून पाहावी. तीही रेंगाळत उघडली, तरच पुढे जावे.

दुसरी : डिस्क कितपत भरली आहे? जुन्या विंडोज एक्सपी प्रणालीतील तुकडेजोड करणाऱ्या साधनास किमान १५ टक्के जागा मोकळी लागत असे. सामान तसूभरही हलविण्यास जागा नसलेल्या खोलीची आवराआवर करता येत नाही. तद्वत गच्च भरलेल्या डिस्कची तुकडेजोड होत नाही. नको असलेल्या चित्रफिती व दुबार प्रती प्रथम काढाव्यात.

तिसरी : संगणक सुरू होताच अनावश्यक आज्ञावल्या आपोआप चालू होतात काय, विषाणूचा उपद्रव आहे काय, स्मृती म्हणजे रॅम अपुरी आहे काय? ह्या कारणांवर तुकडेजोड हे औषध नव्हे.

चौथी, आणि सर्वांत निकडीची : डिस्क आजारी आहे काय? पेटीतून ‘टक्‌ टक्‌’ असा नियमित आवाज येणे, फाइली अकस्मात नाहीशा होणे, एखादी फाइल उघडताना संगणक गोठून बसणे ही डिस्क निकामी होऊ लागल्याची चिन्हे आहेत. अशा डिस्कवर तुकडेजोड कदापि सुरू करू नये. ह्या क्रियेत डिस्कला तासन्‌तास अखंड वाचावे व लिहावे लागते. ज्यास धाप लागली आहे अशा माणसास डोंगर चढावयास लावण्यासारखे ते आहे. अशा वेळी संगणकावरील इतर सर्व कामे थांबवून प्रथम महत्त्वाच्या फाइलींच्या प्रती काढून घ्याव्यात, आणि मग डिस्क बदलण्याची व्यवस्था करावी.

६. प्रत काढल्यावाचून हात लावू नये

डिस्क निरोगी दिसत असली, तरी तुकडेजोडीपूर्वी प्रती काढून ठेवणे हा नियम मोडू नये. शाळेच्या संगणकावर जे असते, ते पुन्हा मिळवणे नेहमीच शक्य नसते. जनरल रजिस्टरची यादी, हजेरी, निकाल, स्थलांतरित मुलांच्या नोंदी, पोषण आहाराचा हिशेब ह्यांच्या दोन प्रती असाव्यात. एक बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर कपाटात ठेवावी, आणि दुसरी शाळेच्या इमारतीबाहेर अन्यत्र सुरक्षित ठेवावी. इमारतीत पाणी शिरले किंवा चोरी झाली, तर एकाच कपाटातील दोन प्रतींचा उपयोग होत नाही. प्रत काढली असे म्हणणे आणि ती उघडून पाहणे ह्यांत अंतर आहे. दुसऱ्या संगणकावर प्रत उघडून दोन-चार नोंदी ताडून पाहिल्याखेरीज ती प्रत आहे असे मानू नये.

नोंदवही नष्ट झाली, की काय होते हे नेवासेकरांस एका निराळ्या क्षेत्रातून चांगले कळेल. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉ. ह. धी. सांकलिया ह्यांच्या नेतृत्वाखाली १९५४ ते १९५६ ह्या काळात व पुन्हा १९५९ पासून नेवासे येथे प्रवरेच्या तीरावर उत्खनन केले, आणि पाषाणयुगापासूनच्या मानवी वस्तीचा पुरावा उजेडात आणला. अशा कामात खापरीचा तुकडा हाती लागणे पुरेसे नसते. तो कोणत्या खड्ड्यात, कोणत्या थरात सापडला ह्याची नोंद असेल, तरच तो काही सांगू लागतो. नोंद हरवली, तर उरतो तो केवळ खापऱ्यांचा ढीग. डिस्कवरील नोंदवही बिघडली, तर फाइलींचे तुकडे तबकडीवर असूनही ते कोणाचे आणि कोणत्या क्रमाचे, हे संगणकास सांगता येत नाही. ते जुळविणे तज्ज्ञांचे काम आहे. ते खर्चाचे आहे आणि दर वेळी ते साधतेच असे नाही.

७. प्रत्यक्ष कृती

विंडोज प्रणालीतील कृती येणेप्रमाणे आहे.

(१) प्रती काढाव्यात व तपासाव्यात. चालू असलेल्या सर्व आज्ञावल्या बंद कराव्यात.

(२) ‘धिस पीसी’ उघडून ज्या ड्राइव्हचे काम करावयाचे, त्यावर उजवी कळ दाबावी. ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘टूल्स’ ह्या पानावर जावे. तेथे प्रथम ‘एरर चेकिंग’ खालील ‘चेक’ ही कळ दाबून डिस्कमधील दोष तपासून घ्यावेत. सदोष डिस्कवर पुढे जाऊ नये.

(३) त्याच पानावरील ‘ऑप्टिमाइझ’ ही कळ दाबावी. ड्राइव्हची यादी दिसेल. ‘मीडिया टाइप’ ह्या रकान्यात काय लिहिले आहे ते काळजीपूर्वक वाचावे. ‘हार्ड डिस्क ड्राइव्ह’ असे असेल, तरच हा लेख त्यास लागू होतो.

(४) ‘ॲनालाइझ’ दाबून तुकड्यांचे प्रमाण पाहावे. ते १० टक्क्यांहून अधिक असेल, तर ‘ऑप्टिमाइझ’ दाबून काम सुरू करावे. कमी असेल, तर तुकडेजोडीची आवश्यकता नाही. मंदपणाचे कारण अन्यत्र शोधावे.

(५) डिस्कचा आकार आणि तुकड्यांचे प्रमाण ह्यांनुसार काही मिनिटांपासून कित्येक तास लागू शकतात. म्हणून हे काम सुट्टीच्या दिवशी किंवा अर्ध्या दिवसाच्या शाळेनंतर योजावे. वीज खंडित होण्याच्या वेळा ध्यानात घ्याव्यात. संगणकास यूपीएस जोडलेला असावा. लॅपटॉप असल्यास तो विजेस जोडून ठेवावा.

(६) काम झाल्यावर दिनांक, आधीचे प्रमाण व नंतरचे प्रमाण ही माहिती संगणकाच्या नोंदवहीत लिहून ठेवावी. दोन-तीन वेळच्या नोंदी झाल्या, की आपल्या शाळेच्या डिस्कवर किती काळात किती तुकडे पडतात ह्याचा अंदाज येतो.

येथे एक शंका निघेल. विंडोज प्रणालीत ही तुकडेजोड ठरावीक काळाने आपोआप होते असे सांगतात. मग हा खटाटोप कशासाठी? शंका रास्त आहे. ज्या घरी किंवा कार्यालयात संगणक दीर्घकाळ सुरू व रिकामा राहतो, तेथे वेगळे काही करावे लागत नाही. परंतु हे स्वयंचलित काम संगणक सुरू असून त्यावर कोणी काम करीत नसेल, अशा वेळी होते. शाळेत नेमका ह्याच्या उलट प्रकार असतो. घंटा झाली, की संगणक सुरू होतो, काम आटोपले की लगेच बंद होतो, आणि जाताना मुख्य बटणही बंद केले जाते. वीज वाचविण्याची ही सवय उत्तमच आहे. तथापि त्यामुळे संगणकास आवराआवर करण्याची उसंत मिळत नाही. महिन्यातून एखादी दुपार ती त्यास द्यावी, एवढेच म्हणणे आहे.

८. ज्यांची तुकडेजोड करू नये

अलीकडील पुष्कळ संगणकांत फिरती तबकडी नसते. तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी असते. तिच्यात फिरणारा एकही भाग नाही. मजकूर विद्युत्‌ कोशांत साठविला जातो, आणि कोणत्याही कोशापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ सारखाच अत्यल्प वेळ लागतो. पायपीटच नाही, तेथे जमीन एका गटात आणण्याने काय साधणार? उलट तोटाच होतो, कारण हे कोश ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतात. विनाकारण केलेल्या तुकडेजोडीने त्यांचे आयुष्य झिजते. विंडोज प्रणालीस हा भेद कळतो. अशा ड्राइव्हवर ‘ऑप्टिमाइझ’ दाबले असता ती नेहमीची तुकडेजोड न करता कोणते कोश आता मोकळे समजावेत ह्याची सूचना ड्राइव्हला देते. ह्यास ट्रिम म्हणतात. मात्र बाहेरून आणलेल्या, ‘संगणक वेगवान करा’ अशी जाहिरात करणाऱ्या फुकट आज्ञावल्या असा विवेक करतीलच ह्याचा भरवसा नसतो. त्या शाळेच्या संगणकावर घालू नयेत. पेनड्राइव्ह आणि मोबाइलमधील मेमरी कार्ड ह्यांनाही हाच नियम लागू आहे.

आणखी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. जुन्या संगणकाची तबकडी काढून तेथे एसएसडी बसविली, तर तुकडेजोडीने मिळणाऱ्या लाभाहून कितीतरी मोठा लाभ होतो. शाळा व्यवस्थापन समितीकडे खर्चाची तरतूद असेल, तर निर्लेखनाचा प्रस्ताव करण्यापूर्वी हा पर्याय अवश्य पाहावा. तरतूद नसेल, तोवर आहे त्या डिस्कची निगा राखणे आपल्या हाती आहे.

९. वर्गातील पाठ

हा विषय मुलांस संगणकावाचूनही शिकविता येतो. नेवासे हे ज्ञानेश्वरीचे जन्मस्थान. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, पैसाच्या खांबाशी ज्ञानेश्वरांनी सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतले, ही हकिकत येथील प्रत्येक मुलास माहीत असते. त्यावरूनच पाठास प्रारंभ करावा. जुन्या पोथ्या शिवलेल्या नसत. त्यांची पाने सुटी असत. म्हणून पानावर क्रमांक घालण्याची पद्धत होती. पाने विखुरली, तरी क्रमांकांवरून पोथी पुन्हा लावता येई.

शाळेच्या पटांगणात खडूने सोळा घरे आखावीत. प्रत्येक घरात एक मूल बसवावे. एक लहान गोष्ट आठ सुट्या कागदांवर लिहून ते कागद वाटेल त्या आठ घरांतील मुलांच्या हाती द्यावेत. एक मूल वाचनशिर होईल, आणि दुसरे नोंदवही घेऊन उभे राहील. नोंदवाल्याने घराचा क्रमांक सांगावा, वाचणाऱ्याने तेथे चालत जाऊन कागद वाचावा व परत येऊन पुढचा क्रमांक विचारावा. तिसऱ्या मुलाने पावले मोजावीत. गोष्ट पुरी झाली, की पावलांची संख्या फळ्यावर मांडावी. मग आठही कागद शेजारशेजारच्या आठ घरांत क्रमाने आणावेत, नोंदवही दुरुस्त करावी आणि पुन्हा गोष्ट वाचावी. ह्या वेळी पहिल्या घराचा क्रमांक सांगितला, की पुढे विचारावे लागत नाही. पावलांतील फरक पाहून तुकडेजोड म्हणजे काय हे मुले आपणहून सांगतील.

नंतर नोंदवही लपवून ठेवावी आणि कागद पुन्हा विखरावेत. गोष्ट पटांगणातच आहे, तरी ती वाचता येत नाही, हा अनुभव मुलांस प्रतीचे महत्त्व शिकवील. शेवटी वाचणाऱ्यास मध्यभागी उभे करून नुसते क्रमांक पुकारावेत, आणि ज्याच्या हाती कागद आहे त्या मुलाने जागेवरूनच मोठ्याने वाचावे. पाऊल एकही पडत नाही. ही एसएसडी झाली. येथे कागद कोठेही असले, तरी काही बिघडत नाही, हे मुले लगेच ओळखतात.

१०. समारोप

सारांश असा : डिस्क गच्च भरू देऊ नये. मंदपणाचे निदान आधी करावे. आवाज करणाऱ्या डिस्कला तुकडेजोड लावू नये. प्रत काढून ती उघडून पाहिल्यावाचून काम सुरू करू नये. तबकडी असेल तरच तुकडे जोडावेत. एसएसडीस हात लावू नये. आणि हे सर्व हंगाम अखेरीस येण्यापूर्वी करावे.

शेवटची सूचना सहज केलेली नाही. कारखान्याचा पट्टा कोणत्या दिवशी पडेल हे शाळेस आगाऊ कळतेच असे नाही. कुटुंबे निघतात ती एका रात्रीत निघतात. फेब्रुवारीतील एखाद्या शनिवारी दुपारी ज्या शाळेने आपली डिस्क आवरून ठेवली आणि स्थलांतरित मुलांच्या नोंदींची प्रत कपाटात ठेवली, त्या शाळेतील मूल रिकाम्या हाताने ट्रॅक्टरवर चढणार नाही.